लाल दोऱ्याची निवटी

मास्तर, तुमची निवटी सुकायला लागली. परवाच्या लाँचने मुंबईच्या म्युझियमचा माणूस तिला न्यायला मांडव्याला उतरणार, आणि माझ्याकडे तिला बुडवायला घोटभर स्पिरिट नाही. तुम्हाला जाऊन इतके पावसाळे झाले, तरी आज सकाळपासून मी तुमच्यावर चिडले आहे. मरायच्या आधी माणूस पेटीची चावी कुणाच्या तरी हातात देतो, घरदार सांगून जातो. तुम्ही मला एक मेलेला मासा देऊन गेलात.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही मुंबईचं कॉलेज सोडून खाडीकाठच्या त्या कौलारू घरात राहायला आलात, नि मी तुमच्या चुलीपाशी स्वयंपाकाला आले. तुम्ही धोतर खोचून चिखलात उभे, हातात जाळं, आणि निवट्या तुमच्या नाकासमोरून उड्या मारत बिळात पसार. बांधावर बसून सगळा गाव हसायचा. आम्ही निवटी धरतो, राख लावून घासतो, कालवण करतो. तिला धरायला कॉलेजात शिकवावं लागतं हे मला तेव्हाच कळलं.

तो एक दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी वाटण वाटतेय, आणि तुम्ही माझ्या परातीत निवट्या ओळीने मांडून बसला आहात. माझ्या परातीत! मी ओरडणार, तर तुम्ही म्हणता, “बाई, इकडे या. ही जात अजून कुणी लिहिलेली नाही.” पाठीवरचे निळे ठिपके दाखवता. आता हिला नाव द्यायचं, म्हणता, पण नाव वाऱ्यावर ठेवता येत नाही, ते एका माशाला बांधावं लागतं. सगळ्यांना नाही, एकीलाच. उद्या जगात कुणालाही शंका आली की ही तीच जात का, तर त्याने ह्या एकीपाशी येऊन ताडून बघायचं. बाकीच्या तिच्या सोबतिणी.

मला वाटलं, सगळ्यांत मोठी उचलाल. तुम्ही उचललीत ती मधली, पाठीवरचा पर फाटलेली. मी म्हटलं, “मुलगी बघायला गेलात नि तिची आजी पसंत करून आलात.” तुम्ही पोट धरून हसलात. “हिचं चित्र काढलंय, हिच्या पराचे काटे मोजलेत. जिच्यावरून लिहिलं, तीच.” मग माझ्या गोधडीचा लाल दोरा मागून घेतलात आणि तिच्या शेपटीशी चिठ्ठी बांधलीत, बारीकशी गाठ मारून.

एकदाच ओरडलात माझ्यावर. बाटली पुसताना मला तो फाटका पर बघवेना, म्हणून कात्री घेऊन कड सारखी करायला बसले होते. तुम्ही दारातून ओरडलात ते खालच्या बांधापर्यंत ऐकू गेलं. “मला ती नीटनेटकी नकोय, बाई! मला ती तीच हवी आहे!” मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही, कालवणात मीठही मुद्दाम जास्त घातलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही अलिबागहून पाटी घेऊन आलात. चौथीतल्या पोराला येतं तेवढं लिहायला येतंय आज, ते त्या पाटीवरचं. शाळेत मी दोनच इयत्ता बसले होते, त्यातही अर्धा वेळ दाराबाहेर.

मग नाव छापून आलं, आणि तुम्ही खोकत अंथरूण धरलंत. बाटली म्युझियमला पोचवायची राहिली. शेवटी शेवटी तेवढंच बोलत होतात. “ही हरवली तर नाव नुसतं लटकत राहील.” तुम्ही गेलात, पुतण्या आला, कपाट नेलं, दुर्बिणीसारखं ते यंत्र नेलं, आणि बाटल्या बघून नाकाला रुमाल लावला. “ह्या सडक्या माशांचं काय करायचं ते करा,” म्हणाला. मी परातीतून उचलून घरी आणल्या.

स्पिरिट उडतं हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. बूच कितीही दाबा, दर उन्हाळ्यात बोटभर खाली. आणि राज्यात दारूबंदी. तुमचं परमिट तुमच्याबरोबर गेलं. कचेरीत गेले, तर कारकून म्हणतो, “कुणासाठी पाहिजे?” म्हटलं, “माशासाठी.” सगळी कचेरी हसली. “मासा रोज घेतो का सणासुदीला?” मी त्याला काय सुनावलं ते तुमच्यासमोर लिहीत नाही. परत आले आणि सोबतिणींच्या बाटल्यांतलं स्पिरिट एकेक करून हिच्या बाटलीत ओतलं. सोबतिणी वाळून कोळसा झाल्या. दुसरं काय करणार होते? कुणाला आधी वाचवायचं ते तुम्हीच ठरवून गेला होतात.

तेही सरलं तेव्हा खाजणातल्या भट्टीवरून पहिल्या धारेची आणायला लागले. या वयात, पदराखाली लपवून. गावात बोलणं झालं की म्हातारी पिते. पिऊ दे म्हटलं. मुंबईला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. तिसऱ्यांदा उत्तर आलं, माणूस येतो म्हणून. आणि त्याच आठवड्यात पोलिसांची धाड पडली. भट्ट्या फोडल्या, मग घरं झडतीला घेतली. जमादाराने फळीवरची बाटली काढली, हुंगली.

“म्हातारे, ही कसली?”

“मासा हाय त्यात. दिसत न्हाय काय?”

“चकणा बाटलीतच घालून ठेवलास व्हय?”

मी पाय धरले, मास्तर. नवऱ्याचे कधी धरले नाहीत. त्याने बाटली अंगणात उपडी केली नि दगडावर आपटली. निवटी मातीत पडली, कावळा खाली उतरला. मी त्याच्या आधी पोचले.

आता ती मिठात ठेवली आहे. सुका मासा आम्ही असाच करतो, दुसरं मला काही येत नाही. ठिपके गेले. अंग आक्रसून काडीसारखं झालंय, फाटका पर तेवढा शाबूत आहे. मिठातली चालते का? फाटकी चालते हे तुम्ही सांगितलं होतं, वाळलेली चालते का हे नाही. कुणाला विचारू? या गावात हे कळणारा एकच माणूस होता, त्याला आम्ही खाडीपलीकडे जाळला.

सून म्हणते, “आई, खाडीत निवट्या काय कमी हायत? एक धरून आना, तो दोरा बांधा. त्या सायबाला काय कलतंय?” सून शहाणी आहे. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. काल ओहोटीला मी खाजणात उतरले. गुडघे ऐकत नाहीत, पण हात विसरलेले नाहीत. एक मिळाली, तेच निळे ठिपके, तेवढीच लांब, पर सोडला तर तीच म्हणाल. अख्खी संध्याकाळ तिच्यासमोर बसले. आणि मग तिचं कालवण केलं. जमादाराशी मी खोटं बोलते, सुनेशी बोलते, देवाशीही वेळेला बोलले आहे. पण सगळं जग जिच्यापाशी येऊन ताडून बघणार, ती म्हणून दुसरीच पुढे करायची, हे काही जमेना.

हे पत्र पाठवण्यातलं नाही. मीठ पाणी सोडतंय, आणि घरात दुसरा कोरा कागद नाही. लिहून झालं की घडी करून निवटीखाली घालते, ओल तरी ओढून घेईल. परवा तो माणूस यायच्या आधी चुलीत.

एक मात्र लिहिलं नाही. कालवणात टाकली त्या निवटीचा पर मी आधी फाडला होता, तुमच्या चित्रात आहे तस्सा. लाल दोराही सोडवून हातात घेतला होता. मग तुमच्या निवटीला तो परत बांधला, पण गाठ तुमच्यासारखी बारीक बसली नाही. जाडजूड झालीय, कालची बांधलेली लगेच कळते. त्या माणसाने गाठीकडे बोट दाखवून विचारलं, आजी, ही तीच कशावरून, तर काय सांगू ते अजून सुचलेलं नाही.