मधात लपवलेलं वर्ष

माय,

आधी आनंदाचं सांगते, मग बाकीचं. नातीनचा व्हिसा नामंजूर झाला. म्हणजे तिकडच्या थंड देशानं तिले सांगितलं की शिकाले येऊ नको. त्या देशाचं नाव माझ्या तोंडात बसत नाही, ते जाऊ दे. तू तिले पाहिलं नाहीस. माझ्या लेकाची पोरगी. मातीचं शिकली आहे. माती चिमटीत धरून धानाच्या कोणत्या बांधीत काय कमी आहे ते सांगते, असं मी सिहोराभर सांगत फिरते, अन् ती म्हणते, "आजी, चिमटीत नाही वं, मशीनमध्ये." नाक तुझं आहे तिचं. रागावली की तुझ्यासारखंच फुगते.

तर दुपारी तिच्या फोनवर ते आलं. ती पायरीवर बसून वाचत होती, मी आत तांदूळ निवडत होती. "काय म्हणते?" मी विचारलं. "नाही म्हणते," ती बोलली अन् फोन उलटा ठेवला. मी तोंडानं "अरे अरे" केलं, पण आतून, माय, अशी हलकी झाली जसा डोक्यावरचा धानाचा भारा कोणी उतरवून घेतला. तांदूळ तसेच ठेवले अन् रवा भाजाले घेतला. शिऱ्यात तूपही सैल हातानं टाकलं. संध्याकाळी जवाहरनगरवरून लेकाचा फोन. "माय, पोरगी रडून राहिली अन् तू शिरा करून राहिली? बारसं आहे काय घरी?" मी म्हटलं, "दुःखात गोड खावं, डोकं थंड राहते." असं कोणी म्हणत नाही. मीच त्या वेळी जोडलं.

पण पोरगी काही सावरली नाही. दोन दिवस गेले, तीन गेले, डोक्याले तेल नाही, जेवणात लक्ष नाही. भाताचा घास बोटात धरून बसून राहायची. मग माझा शिरा मलेच गोड लागेना. चौथ्या दिवशी मी तिच्यापुढं बसली अन् म्हटलं, "त्यानं कारण काय लिहिलं ते वाच. नाही म्हणणाऱ्यानं कारण द्यावं लागते." तिनं इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. दोन गोष्टी होत्या. एक, पदवी झाल्यावरचं एक वर्ष तू काय केलंस ते आम्हाले पटत नाही. दुसरी, शिकून झाल्यावर तू आपल्या घरी परत जाशील असं आम्हाले वाटत नाही. मी विचारलं, "कोणतं वर्ष?" ती नखानं जमीन उकरत बसली. "बोल ना वं." तर म्हणते, "तुझ्यापाशी होती ते."

माझा खुबा मोडला होता, माय, तुले कुठून माहीत असणार. वाडीत ओल्या पाल्यावरून पाय गेला. ऑपरेशन झालं, पण मले उठता येईना. लेकाची कारखान्याची ड्युटी, सून शाळेत शिकवते. ही पोरगी परीक्षा देऊन आली अन् म्हणाली, मी राहते आजीपाशी. राहिली वर्षभर. मले न्हाऊ घातलं, भांडं दिलं, काढलं, पाठीले पावडर लावली. मी शिव्या द्यायची, ती हसायची. पडल्या पडल्या कंटाळते म्हणून तिनंच मले वही देऊन पुन्हा अक्षरं गिरवाले लावलं. तुनं दुसरीतून काढलं तेव्हा जे सुटलं होतं ते साठीच्या पुढं हाती आलं. आज तुले हे लिहून राहिली ते त्याच वर्षाचं आहे. अन् तिचा अर्ज भरणारा नागपूरचा एजंट म्हणे, "म्हातारी सांभाळली असं लिहिलं तर व्हिसाचा साहेब हसेल. गॅप दिसू नये." म्हणून त्यानं ते वर्ष बाकीच्या सर्टिफिकेटांच्या मधात कुठंतरी एका ओळीत दाबलं, घरी राहून अभ्यास केला म्हणून. साहेबानं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

तेव्हा तू आठवलीस. बपेऱ्याची आपली छपरी. तुझ्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं अन् तंबाखू, तुझी बोटं चालून राहिली आहेत. मी नऊ-दहा वर्षांची आहे. तंबाखू कमी पडला म्हणून मी काही बिड्या पोकळच वळते, अन् तुले दिसू नये म्हणून बांधलेल्या कट्ट्याच्या मधात कोंबते, भवताल चांगल्या लावते. दुसऱ्या दिवशी कारखान्यात रांग. मुनीम आपला कट्टा हातात घेतो, वरून पाहत नाही, सरळ मधात बोट घालतो. "हे काय बाई?" म्हणून अख्खा कट्टा मोडून खराब बिड्यांच्या छाटीत फेकतो, तुझ्या हातच्या सगळ्या चांगल्या बिड्यांसंगं. तू त्याच्या हातापाया पडली नाहीस. "कोणती खराब आहे ते दाखवा," एवढंच बोललीस. त्यानं दाखवली. तू माझ्याकडं पाहिलं. घरी येताना वाटेत म्हणालीस, "पोकळ होती तर वरत ठेवायची होती. त्यानं तेवढीच फेकली असती. मधात लपवली म्हणून चांगल्याही गेल्या." मारलं नाहीस. मारलं असतं तर मी विसरली असती.

मी नातीनले म्हटलं, "ते वर्ष वरत ठेव. पहिल्याच ओळीत." ती म्हणते, "आजी, व्हिसाचा फॉर्म म्हणजे बिडीचा कट्टा नाही." मी म्हटलं, "मुनीम तर मुनीमच असते ना वं." ती हसली. चार दिवसांत पहिल्यांदा हसली, अन् मले समजलं, आता ही जाते.

मग तिनं एजंट सोडला अन् स्वतः अर्ज लिहाले बसली. दवाखान्याचे कागद काढले, माझ्या हाडाचा काळा फोटो काढला. परत येशील काय, त्याचंही उत्तर द्याचं होतं. त्यावर मले माझंच जाणं आठवलं. तुनं मले बपेऱ्यावरून सिहोऱ्याले धाडलं, किती दूर आहे ते, पायी जाता येते, अन् जाताना कानात सांगितलंस, आता मागं पाहू नको. मी पाहिलं नाही. तू आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा रोवणा चालू होता, सासू म्हणाली, एवढा रोवणा होऊ दे मग जा. मी पाण्यात वाकून धान लावत राहिली. रोवणा झाला तेव्हा तू नव्हतीस. तुझ्यापाशी मी वर्ष तर सोड, एक आठवडाही बसली नाही. तुले कोणी न्हाऊ घातलं, कोणी उठवलं, मी आजपर्यंत कोणाले विचारलं नाही. अन् ही पोरगी माझ्यापाशी बसली, तर तेच वर्ष तिच्या वाटेत आडवं आलं.

म्हणून म्हटलं, मीही लिहून देते. तीन दिवस लागले मले. लिहिलं की माझा खुबा मोडला होता, नातीननं मले वर्षभर सांभाळलं, माझं हगणं-मुतणं काढलं. ते शब्द ती खोडाले निघाली. मी म्हटलं, राहू दे, साहेबालेही आजी असंल. पुढं लिहिलं, ती वर्षभर इथं राहिली, कोणी बांधून ठेवली नव्हती. अशी पोरगी घर विसरत नाही. अन् शेवटी लिहिलं, आता मी बरी आहे, खाली बसते, आपल्या हातानं उठते, माझ्यासाठी तिले थांबाची गरज नाही. ती खाली इंग्रजीत उतरवत होती, तिथं थांबली. "आजी, उठते?" "लिही," मी म्हटलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. लिहिलं.

तो अर्ज गेला. उत्तराले दिवस लागतात म्हणते. हा कागद मात्र कुठं जाणार नाही, तुझा पत्ता कोणापाशी आहे. तुलेच सांगते, तिले नाही. ती काही कामानं तुमसरले गेली की मी दार लोटून खाली पाटावर बसते अन् उठून पाहते. आज चार खेपा बसली. एकदा आपल्या हातानं उठली. बाकीच्या वेळी भिंत धरली.