माझ्या जागांची वाटणी

मी, नामदेव बाळाराम मढवी, वय अडुसष्ट, पूर्वी कारखान्यात फिटर, सध्या घरीच, राहणार घणसोली गाव, नवी मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही.

१. राहतं घर पत्नी गोजरा हयात असेपर्यंत तिचं. तिच्या पश्चात मुलगा हरेश आणि मुलगी रंजिता यांचं, निम्मं निम्मं.

२. शेतजमीन नव्या शहरासाठी सरकारने घेतली, तिच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेतून मिळालेला भूखंडही दोघांना समसमान. बिल्डरला द्यायचा की ठेवायचा, हे त्यांनी एकत्र बसून ठरवावं. 'एकत्र बसून' हे शब्द वकिलांनी गाळायला सांगितले होते. मी गाळले नाहीत.

३. आता ज्या कारणाने हे लिहावं लागलं ते. दोन वर्षांपूर्वी भूखंडाचा कागद नुकताच हातात पडला होता. ओटीवर मी रंजिताला माउथ ऑर्गन शिकवत होतो आणि खुशीत म्हणालो, "माज्या सगल्या जागा तुलाच. हरेशला यातली एक पन नको, तो वाट लावील." हरेश पायरीवर चपला काढत होता. त्या त्याने परत पायात घातल्या आणि ऐरोलीला आपल्या फ्लॅटवर निघून गेला. तेव्हापासून तो बहिणीशी बोलत नाही. भाऊबीजेलाही गेला नाही. ती ताट तयार ठेवून बसली होती.

तरी खुलासा करतो की, सदर 'जागा' म्हणजे भूखंड नव्हे. चाल खुलवण्यासाठी मध्येच जे वळण घेतात, त्याला गाणारे-वाजवणारे जागा म्हणतात. पहिल्या फेरीला चाल सरळ वाजवायची, नाहीतर ऐकणाऱ्याला पुढचा बदल कळत नाही. दुसऱ्या फेरीला जिभेने बाजूची भोकं झाकायची आणि ठेक्यावर जीभ उचलायची, म्हणजे सूर आणि साथ एकाच तोंडातून निघते. ओळीचा शेवटचा सूर लांबवून वर तळहात हलवायचा. एखाद्या सुरावर थेट न उतरता शेजारच्या भोकावरून घसरत यायचं. आणि लोक मान डोलवायला तयार असतील, तिथे श्वासभर थांबायचं. या सगळ्या जागा रंजिताला. हरेश चाल पक्की धरतो, पण जागा घ्यायला गेला की ठेका सांडतो. मी खोटं बोललो नव्हतो, म्हणून माफी मागत नाही. निरोप पाठवून पाहिले. त्याला वाटलं, म्हातारा सारवासारव करतोय.

४. कान्हा बँडवाल्याने माझ्या अंत्ययात्रेला यावं, वाजवू नये. तो माउथ ऑर्गनला खेळणं म्हणतो आणि स्वतः कुठलीही चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत तशीच्या तशी हाणतो.

५. माउथ ऑर्गन हरेशला. रंजिताने रुसू नये. तिच्याकडे जागा, त्याच्याकडे वाद्य. एकाला दुसऱ्याच्या दारात जावंच लागेल.

६. हे गोजराला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिवून काय उपेग? तो वाचील तवा तुमी नसनार. पोराला आताच सांगा."

तिचं बरोबर आहे. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, पण मला तेवढा धीर नाही. मला माझी दोन्ही मुलं एका पंगतीत जेवताना बघायची आहेत. सबब याची एक प्रत आजच ऐरोलीला पाठवत आहे. हरेश, रविवारी जेवायला ये. रंजिता येणार आहे. तू येतोयस, असं मी तिला सांगून बसलो आहे.

वरील मजकूर माझा, सही माझी, ती या दोघांच्या डोळ्यांदेखत केली.

नामदेव बाळाराम मढवी

साक्षीदार:
धनाजी शेडगे, आमचे भाडेकरू, मूळ गाव सातारा
मालतीबाई भोईर, शेजारीण

घणसोली, दि. ११ फेब्रुवारी १९९७