फाटकाबाहेरचा सहा फूट पदपथ आमचे अंगण धरण्याबाबत

प्रति,
मा. प्राणी नियंत्रण अधिकारी,
नगरपालिका कार्यालय.

विषय : आमचा कुत्रा मोकाट नसून घराबाहेर अडकला असल्याबाबत.
संदर्भ : आपण फाटकाला चिकटवलेली नोटीस.

महोदय,

१. आमचा भोपळ्या (वय सहा, वजन बेचाळीस किलो) मोकाट फिरतो, अशी नोटीस आपण दिलीत. आपला शब्द मानून यजमानांनी मुदतीत अंगणाभोवती विजेच्या कुंपणाची तार पुरली. कुत्रा तारेजवळ गेला की गळ्यातला पट्टा आधी वाजतो, मग चिमटा काढतो. काम चोख झाले. त्याबद्दल तक्रार नाही.

२. चूक माझी आहे. रोज दुपारी बारापर्यंत माझे मौन असते. यंत्र सुरू करायच्या दिवशी अकराच्या सुमारास भोपळ्या फाटकातून सटकलेला मी डोळ्यांनी पाहिला. "थांबा" एवढा एक शब्द पुरला असता. पण अकरा वर्षांचे व्रत मोडवेना. मी पाटीवर लिहून धावले, तर यजमान जिन्याखालच्या यंत्रात डोके घालून बसलेले, आणि चष्मा खिडकीत. त्यांनी बटण दाबले.

३. तेवढ्यात भोपळ्या शेपटी हलवत परतला आणि फाटकातच त्याला चिमटा बसला. यजमान म्हणाले, "बघ आता कसा शहाणा होतो!" झाला. आज नववा दिवस, तो आत पाऊल टाकत नाही. बटण बंद केले, पट्टा काढला. शेजारच्या दोन सुतारांनी उचलून आणायचा प्रयत्न केला. सुतार आत आले, तो बाहेरच राहिला.

४. त्याला घास घातल्याशिवाय मी जेवत नाही, हाही माझा नेम. त्यामुळे माझा जप व जेवण पदपथावरच चालते. येणारेजाणारे विचारतात, "मावशी, घरातून काढलं का हो?" बारापर्यंत मला खुलासा करता येत नाही. कुंपणाच्या आत सध्या यजमान एकटेच आहेत, आणि तेही फाटकाशी आले की दचकून थांबतात.

५. मोकाट कुत्री उचलणारी आपली गाडी सोमवारी सकाळी दहाला येते, असे कळते. तरी भोपळ्याची भीती जाईपर्यंत फाटकासमोरचा सहा फूट पदपथ आमचे अंगण समजण्यात यावा, ही हात जोडून विनंती.

तसे न झाल्यास, एकदा गप्प राहून काय होते ते मी पाहिले आहे. सोमवारी दहाला मी ओरडेन. अकरा वर्षांत आवाज किती साठला आहे, याचा मलाही अंदाज नाही. कृपया नोंद असावी.

आपली आज्ञाधारक, सध्या मुक्काम पदपथ,
(सही)
भोपळ्याची आई

दिनांक : नोटिशीपासून तेरावा दिवस, दुपारी बारानंतर

सोबत :
१) तारेचा नकाशा (यजमानांनी काढलेला. त्यात फाटक दाखवायचे राहिले आहे.)
२) पाटी, लिहिलेली, न पुसता.