दोन खाचांचं लोखंड

कॉर्क, ३ मार्च २००९

ती. आजीस क्लोडाचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. गुडघ्याला तेल लावतेस ना? वाचून दाखवणाऱ्या डीलिया मावशींनी तुझ्या वतीने ‘हो’ म्हणू नये.

आजी, लोखंड चाललं! औषधाचे दोन तुकडे जोडायला पॅलेडियम नावाचा, सोन्याच्या पंगतीतला महागडा धातू लागतो. तो दोघांची गाठ घालून देतो आणि स्वतः होता तसाच राहतो. तेच काम मी साध्या लोखंडाकडून करून घेतलं. शंभरातले नव्वद जुळले! सर म्हणाले, वीस तारखेला डब्लिनच्या सभेत तूच सांग. तिथे पसंत पडलं तर तुझी नेमणूक तीन वर्षं वाढेल.

गंमत म्हणजे हे फक्त माझ्याच हातून जमतं, प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीला नाही. माझी ढवळणी शुभ आहे: भांड्यात गरगर फिरून ढवळणारा शेंगदाण्याएवढा चुंबक, त्यावर पांढरा लेप, आता काळवंडलेला. कोणाची तरी जुनी खणात पडली होती, ती मी उचलली.

पत्रेवाल्यांच्या घरातली तुझी,
क्लोडा

ट्यूम, ७ मार्च

चि. क्लोडास आजीचे अनेक आशीर्वाद.

डीलियाने पत्र दोनदा वाचलं, गुडघ्याचं वाक्य तीनदा. तेल तिनेच लावलं, म्हणून आज माझं बोलणं लिहून घेतानाही रुबाबात आहे.

तर तुझं लोखंड म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ. माझं लग्न जुळवणारा असाच होता. गाठ मारली आणि वरातीआधी पसार. तुझ्या आजोबांना उजेडात पाहिलं तेव्हा कळलं, एवढी घाई का होती ते.

पण पोरी, तुझ्या एकटीच्याच हातून जमतं, हे काही मला रुचलं नाही. माझा बा पत्र्याची भांडी सांधायचा, त्याच्याकडे डाग द्यायची दोन लोखंडं होती. एक बादल्यांना, शिसं मिसळलेला डाग द्यायला. दुसरं दुधाच्या बरण्यांना, नुसत्या कथलाचं, कारण शिसं पोटात गेलं की विष. आमच्यात अक्षर कोणालाच येत नव्हतं, म्हणून मुठीवर खाचा: शिशाला एक, कथलाला दोन. शिसं लागलेलं लोखंड कितीही घासा, ते शिसं सोडत नाही. तुझी ती काळी ढवळणी तुझ्याआधी काय ढवळत होती, विचारलंस का?

डीलियासमोर केलेली आजीची फुली ×

कॉर्क, ११ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

विचारलं. दोन वर्षं पॅलेडियमच ढवळत होती.

मग नवी ढवळणी घेतली, लोखंड तेच. शंभरात दोन. मग जुनी घेतली आणि लोखंड घातलंच नाही. ऐंशी! माझं लोखंड नुसतंच मध्यस्थाची टोपी घालून उभं होतं गं, लग्नं लावत होता तो ढवळणीत दडलेला श्रीमंत.

सरांना ठाऊक नाही. कोणी विचारलेलंही नाही. सांगितलं तर नेमणूक जाईल, आणि वर म्हणतील की फिरस्त्या पत्रेवाल्यांची पोर, हातचलाखी करणारच. गप्प राहिले तर तीन वर्षं. नऊ दिवस उरलेत. मी काय करू?

तुझी,
क्लोडा

ट्यूम, १४ मार्च

चि. क्लोडास आशीर्वाद.

काय करायचं ते मी सांगणार नाही. तूच आपल्या घरातली शिकलेली.

एकदा बाने घाईत खाचा न चाचपता एका खाचेचं लोखंड उचललं आणि बरणीला डाग दिला. बरणी विकली गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. सहा मैल चालत गेला, पैसे परत केले, बरणी मागितली. आम्हा पत्रेवाल्यांना लोक हिणवून टिंकर म्हणत; बाई म्हणाली, काय रे टिंकर, मागच्या खेपेला चोरायचं काही राहिलं का? मी त्याच्या कोटाला धरून उभी होते. बा म्हणाला, हो बाई, ही बरणी राहिली. त्या बाईने पुन्हा आमच्याकडून सुईसुद्धा घेतली नाही. बा मात्र त्या दिवशी पोटभर जेवला, आणि मला वाटतं माझ्यातलंही जेवला.

तुझं ते औषध कोणीतरी गिळणारच ना?

डीलिया डोळे पुसतेय. कांदा नाहीये घरात.

आजीची फुली ×

कॉर्क, २३ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

सरांना सोळालाच सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या टेबलांवरच्या जुन्या ढवळण्या गोळा करून फेकायला लावल्या. आपली स्वतःची एक त्यांनी हळूच खिशात टाकली होती, तीही मी मागून घेतली.

डब्लिनला मी फक्त ढवळणीचीच गोष्ट सांगितली. मागून कोणीतरी हसलं. पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई मात्र उठल्या आणि म्हणाल्या, परत गेल्यावर मला माझी सहा वर्षं पुन्हा तपासायला हवीत. मग कोणी हसलं नाही.

तीन वर्षांची नेमणूक गेली, आजी. सहा महिने मिळाले आहेत, लोखंडाला एकट्याने उभं करायला. काल शंभरात पाच झाले. पाचच, पण माझ्या लोखंडाचे.

आता माझ्या ढवळण्या माझ्याच डबीत असतात. इथे सगळे डब्यांवर नावं लिहितात, मी नाही लिहिलं. डबीवर जे कोरलंय तेच खाली सहीच्या जागी काढते आहे. ते मावशींनी वाचायचं नाही. तू वाच.

।।