न येणाऱ्या प्रश्नांची यादी

१७ जानेवारी १९५४, सकाळ
दादाच्या बदलीची ऑर्डर आली. ऑगस्टमध्ये दिल्ली. चहा पितापिता त्याने मला सुनावलं, बी. कॉम.ची ही तिसरी आणि शेवटची खेप. पास झालास तर कलकत्त्यात राहा, नोकरी कर, मेसमध्ये जेव. नापास झालास तर अकोला, श्यामराव मामांचं कापडाचं दुकान. मी शांतपणे 'बरं' म्हटलं. मामांनी आतापासूनच दुसरा माणूस बघावा. मांजरपाट मोजायला माझा जन्म झालेला नाही.

दोनदा नापास झालो हे लोक उगाच चघळत बसतात. पहिल्या वर्षी पेपर भिकार होता. दुसऱ्या वर्षी परीक्षक.

१८ जानेवारी
संकल्प : रोज पहाटे पाचला उठणे. उद्यापासून.

१९ जानेवारी, सकाळी पावणेनऊ
थंडी. कलकत्त्यात थंडी पडत नाही म्हणणाऱ्याने भवानीपूरला येऊन आमच्या मोरीतल्या पाण्यात बोट घालावं.

२४ जानेवारी
पद्धत ठरली. अकाउंटन्सीचं पुस्तक आठशे पानांचं. ते सगळं वाचणारा तो बैल. परीक्षक विचारणार सहा प्रश्न, मग सहाच धडे वाचायचे. कुठले सहा, हे ओळखायला मात्र डोकं लागतं. इकडची मुलं अशा यादीला 'सजेशन' म्हणतात आणि त्यासाठी कोणाकोणाचे पाय धरतात. मी घरबसल्या काढतो. परीक्षकाच्या जागी स्वतःला बसवायचं, की झालं.

यंदा घसारा येणार, रॉयल्टी येणार, कन्साइनमेंट तर येणारच. भागीदारी मोडणे, बँकेचा मेळ, शाखांचे हिशेब, कंपन्यांचं एकत्रीकरण : यांतलं काही येणार नाही. टाकलं. पुस्तक एकदम हलकं वाटायला लागलं.

गेली दोन वर्षं मी टाकलेले धडे नेमके आले, हे खरं. पण योगायोगाला तरी काही मर्यादा असते की नाही?

२७ जानेवारी
श्यामसुंदर कुंडू आला. डमडमहून, दोन बस बदलून. गेल्या वर्षी माझे सहा धडे वाचून हाही गचकला होता. मी तेव्हाच सांगितलं होतं, बाबा रे, आधी अक्षर सुधार. या खेपेला नव्या गुळाची संदेश मिठाई घेऊन आला. चारूदा, चारूदा करत होता. मी येणारे सहा धडे सांगायला लागलो, तर म्हणाला ते राहू द्या, काय येणार नाही ते सांगा. बिचारा! येणारे धडे आपल्याला झेपणार नाहीत हे ओळखून आहे. निदान ओझं कमी करावं, एवढीच त्याची इच्छा. मी उदार मनाने टाकलेले सगळे धडे सांगितले. त्याने वहीत लाल शाईने उतरवून घेतले. दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, लिहून घे, येणार नाहीत म्हणजे नाहीत. चेहरा काय खुलला त्याचा!

३१ जानेवारी
कुंडू आणखी चौघांना घेऊन आला. त्यांत बडा बाजारचा जयप्रकाशही होता, जो एरवी माझ्याकडे बघून मान फिरवतो. सगळ्यांना एकच हवं : काय येणार नाही? माझ्या तोंडून शब्द पडला की पाचही पेन्सिली चालायच्या. वहिनीने तीनदा चहा केला आणि पोरं गेल्यावर म्हणाली, भावजी, तुम्ही काय टाकलंत हे सगळ्या कलकत्त्याला कळलं, पण वाचलंत काय? बायकांना पद्धत कळत नाही.

८ फेब्रुवारी
सरस्वती पूजा. आज बंगाली मुलं पुस्तकं देवीपुढे ठेवतात आणि दिवसभर पुस्तकाला हात लावत नाहीत. ज्या गावात राहावं त्या गावची रीत पाळावी. अकाउंटन्सी, ऑडिटिंग आणि कमर्शियल लॉ, तिन्ही देव्हाऱ्याखाली मांडली.

१७ फेब्रुवारी
पुस्तकं अजून देवीपुढेच आहेत. एकदम उचलणं बरं दिसत नाही. वहिनी रोज त्यांच्यावर हळदकुंकू वाहते. आज म्हणाली, उद्यापासून नैवेद्यही दाखवते, तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त गरज आहे. दादा हसला. या घरात श्रद्धेची टिंगल होते.

२ मार्च
कॉलेजात गेलो. (थंडी संपली.) व्हरांड्यात अकाउंटन्सीच्या प्रोफेसरसाहेबांनी मला थांबवलं. दोन वर्षांत माझं नाव कधी धड घेतलं नाही, आज खांद्यावर हात ठेवून विचारलं की सबनीस, या वर्षी काय सोडलंस? शेवटी विद्वानालाही माझ्याकडे यावं लागलं! सांगितलं. त्यांनी खिशातल्या चिठ्ठीवर टिपून घेतलं.

९ मार्च
प्रोफेसर किती हट्टी असावा! मी सोडलेले धडेच आठवडाभर शिकवतो आहे. आज भागीदारी मोडणे. वर्ग गच्च. चौदाच्या चौदा पोरं माना मोडून लिहीत होती. मी मागच्या बाकावर बसून या लोकांची कीव केली आणि मधेच उठून आलो.

२८ मार्च
घसारा वाचला. निम्मा. सोपा आहे, वाचण्यासारखं काही नाही. वस्तू पडून राहिली की तिची किंमत दरवर्षी कमी होते, एवढंच. त्यासाठी बावीस पानं?

११ एप्रिल
परीक्षा पाच दिवसांवर. सहापैकी अडीच धडे झाले. पण मन ताजं आहे. बाकीच्यांची तोंडं बघवत नाहीत, डोळे खोल गेलेत. वहिनीने आज काही टोमणा मारला नाही, नुसतं दूध आणून ठेवलं. म्हणाली, हे बोलून दाखवत नाहीत, पण तुमच्यासाठी ह्यांनी दिल्ली दोनदा पुढे ढकलली. मला हे ठाऊक नव्हतं. थोडा वेळ पुस्तक उघडून बसलो. अक्षरं लागेनात.

१६ एप्रिल, दुपार
अकाउंटन्सीचा पेपर. पहिला प्रश्न, भागीदारी मोडणे. दुसरा, बँकेचा मेळ. तिसरा शाखांचा. चौथा एकत्रीकरणाचा. उरलेले दोन कशाचे होते ते मला पेपर वाचूनही कळलं नाही. विद्यापीठाचा दर्जा घसरत चालला आहे. मी डगमगलो नाही. भागीदारीच्या जागी कन्साइनमेंटवर चार पानं लिहिली, ज्ञान ते ज्ञान. ताळेबंदाच्या दोन बाजू जुळेनात, तेव्हा सगळा फरक 'सस्पेन्स' खात्यात ढकलला. खातं असतंच त्यासाठी.

पलीकडे कुंडूने तीन पुरवण्या घेतल्या. घाबरलेली माणसं फार लिहितात.

२ मे
माझ्या अंदाजाने पंचावन्न टक्के. परीक्षक दळभद्री असला तर अठ्ठेचाळीस. मामांना पत्र टाकून दिलं, की आपलं दुकान आपल्याला लखलाभ होवो, माझ्या वाटा निराळ्या आहेत. अक्षर फार सुंदर आलं.

११ जुलै
निकाल. यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. आमच्या कॉलेजचे चौदा पास. वर्गात आम्ही पंधरा.

कुंडूने भर रस्त्यात मिठी मारली. ट्राममध्ये शेजारी बसवलं, माझं तिकीट काढलं आणि आनंदाच्या भरात सगळं सांगून टाकलं. म्हणाला, चारूदा, तुम्ही टाकाल ते येतं. पहिल्या वर्षी आलं, दुसऱ्या वर्षी आलं, चुकून एकदाही हुकलं नाही. म्हणून या वर्षी आम्ही तेवढंच केलं. सर म्हणाले, असा निकाल कॉलेजने कधी पाहिला नव्हता. तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही. हे बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गाढव खरोखरच आभार मानत होता.

मला फार लागलं. दोन स्टॉप आधीच उतरून चालत आलो. माझं तोंड बघून वहिनीने पान वाढलं.

१३ जुलै
शांतपणे विचार केला. कधीमधी चुकणं कोणालाही जमतं. तीन वर्षं एकही धडा न हुकवता चुकणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. म्हणजे परीक्षकाचं मन मला शंभर टक्के कळतं, फक्त उलट्या बाजूने. मग सोपं आहे! पुढच्या वर्षी मी टाकलेलेच धडे वाचायचे. दादाला योजना सांगितली. तो म्हणाला, पण तू ते वाचायला घेतलेस म्हणजे ते येणार असं तुला वाटलं. मग ते येतील कसे?

तासभर उत्तर शोधलं. दादा आता अकोल्याचं तिकीट काढायला गेला आहे.

१९ जुलै
मामांचं उत्तर. तुझं मे महिन्याचं पत्र मला मिळालंच नाही असं मी समजतो, असं लिहिलंय. गल्ल्याजवळची जागा रिकामी ठेवली आहे म्हणे. एवढा साधा माणूस धंदा कसा करतो कोण जाणे. पत्र दोनदा वाचलं.

१ ऑगस्ट, हावडा स्टेशन, गाडीतून
दादा-वहिनी पोचवायला आले. डबा, फिरकीचा तांब्या, वळकटी. दादा नुसताच वळकटीचा पट्टा आवळत होता. तेवढ्यात प्लॅटफॉर्मवरून आठ पोरं धावत आली. पुढच्या वर्षीची बॅच. कुंडूने पाठवलेली. गळ्यात हार घातला, पाया पडली. आजूबाजूचे लोक बघायला लागले, कोण मोठा माणूस निघाला म्हणून. मी वहिनीकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता. हसत होती की काय, कळलं नाही.

मग एकाने सिलॅबस काढला, दुसऱ्याने पेन्सिल. चारूदा, काय येणार नाही?

मनात आलं, बरे सापडलात. चांगली जिरवतो. येणार असं वाटतं त्याच धड्यांवर 'येणार नाही' म्हणून खुणा करतो, म्हणजे चौदाच्या ऐवजी एकही पास व्हायचा नाही. ट्रंकेवर बसून पेन्सिल हातात घेतली. आठ डोकी माझ्यावर वाकली. घरात, कॉलेजात, कुठेच इतक्या मनापासून माझं कोणी ऐकलेलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी पानापानावर थांबून नीट विचार केला. आणि जे खरोखर येणार नाही असं वाटलं, त्यावरच खुणा केल्या. जयप्रकाशच्या धाकट्या भावाने, बरोबर आहे ना चारूदा, म्हणून विचारलं. मी म्हटलं, डोळे मिटून विश्वास ठेवा.

सिलॅबस हातात पडताच आठही पोरं पळाली. हावडा पुलापलीकडची बस पकडायची होती म्हणे, अभ्यासाला उशीर होत होता.

गाडी सुटायला अजून पंचवीस मिनिटं होती.