मोटारीवर आळ

उंद्री, सोमवार, संध्याकाळ

धाकट्या भावाचं, माधवचं, मनगट मोडलं. माझी जुनी, दोन सीटांची उघडी मोटार सुरू करायला तो पुढून हँडल मारत होता, ते उलटं फिरलं. हँडल मारण्याआधी स्टिअरिंगजवळची ठिणगीची दांडी मागं घ्यावी लागते, नाहीतर इंजिन उलटा झटका देतं. तिथं मीच बसलो होतो. कसा विसरलो? चुलतभावाच्या बटनावर सुरू होणाऱ्या नव्या मोटारीपुढं हिला पळवायची घाई, दुसरं काय.

हात गळ्यात बांधून माधव म्हणाला, "दादा, तुमचं काय चुकलं? मोटारच म्हातारी झाली. इले विका आता."

इतकी वर्षं हिच्याविरुद्ध कोणाला एक शब्द बोलू दिला नाही. आज मात्र "हाव, विकू" म्हणालो.

विसरलेली दांडी तर मी माधव ओरडला तेव्हाच, कोणी पाहायच्या आत, मागं घेतली होती.