पहिल्या रांगेतून आलेला शब्द

प्रिय धाकटे,

चार दिवस तू फोन उचलत नाहीस. वादात मी कुणाला हार जात नाही, हे तू जन्मापासून भोगते आहेस. या वेळी हरले आहे, आणि ते लेखी देते आहे.

धुलाईघराच्या अंगणातली ती सभा आठवते? समोर इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या दोनशे बायका, पहिल्या रांगेत तू, इस्त्रीवरून तशीच उठून आलेली. वीस वर्षं ज्या जिभेनं साहेबांना घाम फोडला, ती ऐन मागणीपाशी अडली. रक्ताच्या चादरी उघड्या हातांनी उचलाव्या लागतात, इथवर बोलले आणि पुढचा साधा शब्दच गेला. हात वर करून नुसती उभी राहिले. तू ओळखलंस. उठलीस, तुझे पोळलेले हात वर केलेस आणि ओरडलीस, "हातमोजे!" दोनशे जणींचे हात वर गेले. संघटनेचे सचिवभाऊ नंतर म्हणाले, "बाई, काय झकास बसवलंत हो!" मी बेशरमासारखी मान डोलावली. महिन्याभरात हातमोजे आले, कौतुक माझं झालं. तू एवढंच म्हणालीस, "ताई, पुढच्या वेळी आधी सांग, केस तरी विंचरून येईन."

मग मी डॉक्टरीणबाईंना जाब विचारला. कॅन्सरची गाठ छातीत होती, ती काढलीत; डोक्याला काय धाड भरली? त्यांनी शांतपणे सांगितलं. आजारानं आणि उपचारांनी शरीरात दाह पेटतो, त्याची झळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. बाईच्या शरीरातलं एक संप्रेरक ती झळ आवरायला मदत करतं. पण माझी गाठ त्याच संप्रेरकावर पोसलेली, म्हणून रोजची गोळी नेमकं तेच कमी करते. शब्द हरवण्यामागे हेच असेल असं ठाम सांगता येत नाही, शोध चालू आहे, म्हणाल्या. गोळी मात्र थांबवायची नाही.

मी काय केलं ते तुला माहीत आहे. वार्षिक अधिवेशन तोंडावर आलेलं, म्हणून गोळ्यांचं पाकीट खणात कोंबलं. शब्द परतले की नाही कोण जाणे, मस्ती तेवढी परतली. तू कात्री शोधायला खण उघडलास. "दुसऱ्यांच्या हातांसाठी जग डोक्यावर घेतेस, आणि स्वतःच्या जिवाचे हातमोजे काढून फेकतेस? मरणार असशील तर टाळ्या वाजवायला मी येणार नाही!" असा टोला मला आजवर एकाही विरोधकानं हाणला नव्हता. आणि तू रडत नव्हतीस, म्हणून मी जास्त घाबरले.

काल स्वतः जाऊन डॉक्टरीणबाईंची बोलणी खाल्ली. आज सकाळी गोळी घेतली आणि मगच कागद ओढला. रविवारी अधिवेशनात मी पहिलंच वाक्य हे बोलणार आहे, की बायांनो, आजारपणापासून माझे शब्द हरवतात, अडले तर तुम्ही पुरवा. आणि 'हातमोजे' हा शब्द माझा नव्हता, माझ्या बहिणीचा होता. वीस वर्षं लोकांच्या हक्कासाठी घसा फोडला, तुझं श्रेय मात्र खुशाल खिशात घातलं. ते परत करायचं आहे, आणि त्यासाठी तू समोर हवीस. पहिल्या रांगेतली डावीकडची खुर्ची माझी पिशवी ठेवून अडवणार आहे. ये. या वेळी आधी सांगते आहे, केस विंचरून ये.

तुझीच,
हरून सुखावलेली ताई